रेशनकार्ड मिळाले, सातबाऱ्याचे काय?

मानखुर्दच्या साठेनगरात, महाराष्ट्र नगरात रेशन दुकानासमोर उभ्या असलेल्या आपल्या माणसांना गाव विचारा. बीड, जालना, परभणी अशी नावे ऐकू येतील. १९७२ च्या दुष्काळाने मराठवाड्यातील कितीतरी भूमिहीन कुटुंबे मुंबईत आणून टाकली. २०१३ च्या राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायद्याने प्राधान्य कुटुंबाला माणशी दरमहा ५ किलो धान्याचा हक्क दिला. २०२३ पासून ते मोफत झाले. हा हक्क आहे, कोणाचे उपकार नव्हेत. पण ज्याच्या ताटातील भाकरी दुसऱ्याच्या कोठारावर अवलंबून आहे, त्याची अन्नसुरक्षा कसली?

आज शाश्वत शेतीचा मोठा गाजावाजा चालू आहे. बांध घाला, झाडे लावा, शेणखत टाका, असे उपदेश होतात. आमचा साधा सवाल आहे, कोणाच्या जमिनीत? गायरान कसणाऱ्या आपल्या बांधवाच्या नावावर सातबारा नाही, म्हणून बँक पीककर्ज देत नाही. उद्या हुसकावून लावतील या धास्तीत जगणारा माणूस विहीर तरी कशी खोदणार?

विश्वभूषण डॉ. बाबासाहेबांनी १९१८ सालीच लहान शेतजमिनींच्या प्रश्नावर लिहिले आणि १९४७ साली 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज'मध्ये शेती राज्याच्या मालकीची करून ती जातपात न पाहता कसायला देण्याची मागणी केली. कर्मवीर दादासाहेब गायकवाडांनी १९५९ आणि १९६४-६५ साली भूमिहीनांचे सत्याग्रह उभारले. त्या रेट्यातूनच पुढे २८ नोव्हेंबर १९९१ चा शासन निर्णय आला. १४ एप्रिल १९९० पूर्वीची गायरानावरील भूमिहीन मागासवर्गीयांची अतिक्रमणे नियमित करण्याचे त्यात ठरले. कालकथित ॲड. एकनाथ आवाड यांनी त्यासाठी मराठवाडा पिंजून काढला. तरीही असंख्य दावे तहसिलीत धूळ खात पडले आहेत.

अधिकारी २०११ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या जगपाल सिंग निकालाकडे बोट दाखवतात. पण त्याच निकालात अपवाद आहे. शासकीय अधिसूचनेने भूमिहीन मजूर किंवा अनुसूचित जाती-जमातींना जमीन पट्ट्याने दिली असेल, तर ती नियमित करता येते. हे वाक्य नोटिशीत का नसते?

जमीन हाती आली की काय घडते, ते तेलंगणातील जहिराबाद परिसरात पाहावे. डेक्कन डेव्हलपमेंट सोसायटीच्या संघांतील दलित स्त्रियांनी पडीक जमिनीत ज्वारी व इतर भरडधान्ये पिकवली, स्वतःचे बियाणे राखले, गावातच धान्यकोठार उभे केले. २०१९ साली संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रमाने इक्वेटर पुरस्काराने त्यांचा गौरव केला. या स्त्रियांना शेती कोणी शिकवावी लागली नाही. उणीव होती ती जमिनीची.

म्हणून मानखुर्दच्या बांधवांना आमचे सांगणे आहे. गावी जाल तेव्हा तलाठ्याकडून गाव नमुना १-ई चा उतारा मागा. जुन्या दंडाच्या पावत्या, पंचनामे, पीकपाहणीच्या नोंदी जपून ठेवा. तलाठी टाळाटाळ करील तर माहिती अधिकारात अर्ज टाका. विहारात बसणाऱ्या आम्हा वकिलांनी हे दावे उभे केले पाहिजेत. रेशनच्या रांगेत आपल्या दोन पिढ्या गेल्या. तिसरीच्या हाती सातबारा पडलाच पाहिजे.

जयभीम!