खडीची धूळ आणि सिलिकाचा आकडा

समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा ७६ किलोमीटरचा अखेरचा टप्पा ५ जून २०२५ रोजी खुला झाला. रस्ते वाढले की खडी लागते. घोटी-इगतपुरी पट्ट्यातील काळा पाषाण क्रशरमध्ये भरडताना उडणारी बारीक धूळ कामगारांच्या फुप्फुसात जाते. तिच्यात सिलिका किती, हा आरोग्याचा प्रश्न आहे.

दख्खनच्या बेसाल्टचे रासायनिक पृथक्करण केले तर सिलिका साधारण ५० टक्के भरते. पण यंत्राने दिलेला आकडा बरोबर कशावरून? रक्तातील साखर मोजणारी प्रयोगशाळा आधी ठाऊक मूल्याचा कंट्रोल नमुना तपासते. खडकांसाठीही असे संदर्भ नमुने असतात. अमेरिकेच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने जी-१ हा ग्रॅनाइट आणि डब्ल्यू-१ हा बेसाल्टच्या जवळचा डायबेस अनेक प्रयोगशाळांना पाठवला. एकाच भुकटीचे आकडे जुळत नाहीत, हे १९५१च्या अहवालाने उघड केले. डेहराडूनच्या वाडिया हिमालय भूविज्ञान संस्थेनेही डलहौसीच्या ग्रॅनाइटपासून डीजी-एच हा नमुना तयार केला आहे.

मात्र अचूक आकडाही चुकीच्या प्रश्नाचे उत्तर असू शकतो. बेसाल्टमधील बहुतेक सिलिका फेल्डस्पार, पायरॉक्सिन या खनिजांत बांधलेली असते. सिलिकोसिस होतो तो मुक्त स्फटिकी सिलिकामुळे, मुख्यतः क्वार्ट्झमुळे. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९७ मध्ये श्वासावाटे जाणारी स्फटिकी सिलिका कर्करोगकारक ठरवली. बेसाल्टमध्ये क्वार्ट्झ एरवी कमी. पण पोकळ्यांत क्वार्ट्झ आणि कॅल्सिडोनी साचलेले थरही असतात. म्हणून एका खाणीचा आकडा दुसरीला लावता येत नाही. क्वार्ट्झ मोजायला क्ष-किरण विवर्तनाची तपासणी लागते आणि तिचा संदर्भ नमुनाही वेगळा, शुद्ध क्वार्ट्झचा असतो.

नोव्हेंबर २०२५ पर्यंत लागू असलेल्या कारखाने अधिनियमाच्या अनुसूचीतील सूत्रानुसार श्वसनयोग्य धुळीची मर्यादा, दर घनमीटरला मिलिग्रॅममध्ये, १० भागिले (क्वार्ट्झची टक्केवारी अधिक २) अशी निघत असे. समजा, धुळीत क्वार्ट्झ ३ टक्के असेल, तर मर्यादा २ मिलिग्रॅम. तिथे एकूण सिलिकाचे ५० टक्के घातले, तर ती ०.२ मिलिग्रॅमच्याही खाली जाते. उलट, ‘बेसाल्टच तर आहे’ म्हणून क्वार्ट्झ शून्य धरले, तर मर्यादा ५ मिलिग्रॅमवर जाते आणि कामगाराचा धोका कागदावरून नाहीसा होतो.

सिलिकोसिस बरा करणारे औषध नाही. शिवाय त्यातून क्षयरोगाचा धोका वाढतो. त्यामुळे तपासणीच्या अहवालात तीन गोष्टी पाहाव्यात: नमुना कामगाराच्या श्वासाजवळच्या हवेतून घेतला का, क्वार्ट्झ स्वतंत्र मोजले का आणि कोणता संदर्भ नमुना वापरला. अहवाल येईपर्यंत क्रशरवर पाण्याचा फवारा थांबवायचे कारण नाही.