योक, युग आणि जू : आई नव्हे, बहिणी

१/ इंग्रजीत जोडीसाठी अनेक शब्द आहेत आणि प्रत्येकाच्या पोटात जोडीची निराळी कल्पना दडलेली आहे. ‘पेअर’ हा लॅटिन ‘पार’ म्हणजे ‘समान’ यापासून आला. तो सारखेपणा पाहतो. ‘कपल’ हा ‘कोपुला’ म्हणजे ‘बंध’ यापासून आला. तो गाठ पाहतो. ‘ब्रेस’ म्हणजे मुळात दोन बाहू. शिकारीतल्या पक्ष्यांची जोडी आजही या शब्दाने मोजतात. हे तिन्ही शब्द फ्रेंचच्या वाटेने, १०६६ च्या नॉर्मन विजयानंतर इंग्रजीत स्थिरावले.

२/ चौथा शब्द मात्र इंग्रजीच्या घरचा आहे : ‘योक’. दोन बैलांच्या मानेवर ठेवायचे आडवे लाकूड हा त्याचा मूळ अर्थ. पुढे त्या लाकडाखालच्या बैलजोडीलाही हेच नाव मिळाले. १६११ च्या इंग्रजी बायबलात ईयोबाचे वैभव परत आल्याचे सांगताना त्याचे बैल ‘एक हजार योक’ असे मोजले आहेत.

३/ हा शब्द दिसला की आपल्याकडे एक संदेश हमखास फिरतो : ‘योक म्हणजे आपले युग, इंग्रजी ही संस्कृतचीच लेक.’ त्यावर दुसरा पक्ष हसतो आणि म्हणतो, ‘निव्वळ योगायोग!’ माझ्या मते दोन्ही पक्ष चुकतात, आणि दोघांच्या चुकीचे कारण एकच आहे. दोघेही शब्दाच्या चेहऱ्याकडे पाहतात; ध्वनिबदलाच्या नियमांकडे कोणी पाहत नाही.

४/ आधी योगायोगाचा निकाल लावू. संस्कृत ‘युग’, लॅटिन ‘युगुम’, ग्रीक ‘झ्युगॉन’, गॉथिक ‘युक’, लिथुआनियन ‘युंगस’. अर्थ सर्वत्र एकच : जू. यात हित्ती भाषेतील ‘युगान’ची भर घाला. ही भाषा अनातोलियातल्या मातीच्या पाट्यांवर कोरलेली होती. ती याच कुळातली आहे हे बेद्रिच ह्रोझ्नी याने १९१५ साली दाखवून दिले. इतक्या भाषांत एकच रूप आणि एकच अर्थ आढळणे याला योगायोग म्हणता येत नाही.

५/ मग हा शब्द संस्कृतातून उसना घेतला असे का म्हणू नये? उत्तर एका व्यंजनात आहे. संस्कृत, लॅटिन आणि ग्रीकमध्ये ‘ग’ आहे. इंग्रजी आणि गॉथिकमध्ये ‘क’. याकोब ग्रिम याने १८२२ साली या बदलाची सुसूत्र मांडणी केली. जर्मानिक भाषांत मूळचा ‘ग’ हा ‘क’ होतो, ‘द’ हा ‘ट’ होतो, ‘प’ हा ‘फ’ होतो. म्हणून द्वि–टू, दश–टेन, पाद–फूट, पितृ–फादर. आणि म्हणूनच युग–योक.

६/ आता खरोखर भारतातून गेलेले शब्द पाहा : ‘जंगल’, ‘पंडित’. इंग्रजीत ‘जंगल’चा ‘ग’ तसाच राहिला, ‘पंडित’चा ‘प’ही ‘फ’ झाला नाही. कारण तो ध्वनिबदल घडून गेल्यावर फार काळाने हे शब्द तिकडे पोहोचले. ‘योक’ मात्र त्या बदलातून स्वतः गेलेला आहे. म्हणजे इंग्रजी नावाची भाषा जन्मण्यापूर्वीपासून तो त्या शाखेत नांदत होता. तो उसना नाही, वारशाने आलेला आहे.

७/ २ फेब्रुवारी १७८६ रोजी विल्यम जोन्स यांनी कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीत केलेले भाषण अनेकजण अभिमानाने सांगतात. त्यात संस्कृतची मुक्त स्तुती आहे, हे खरे. परंतु संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन या एका समान उगमापासून निघाल्या असाव्यात आणि तो उगम कदाचित आज अस्तित्वातही नसेल, हे त्यांचे मुख्य प्रतिपादन होते. स्तुती लक्षात ठेवून निष्कर्ष गाळणे हे इतिहासाच्या अभ्यासकाला शोभत नाही.

८/ निव्वळ साम्य किती फसवे असते तेही पाहू. इंग्रजीत अंड्याच्या बलकालाही जवळपास ‘योक’ असेच म्हणतात. पण त्या शब्दाचे नाते ‘यलो’शी, म्हणजे पिवळ्या रंगाशी आहे. फारसी ‘बद’ आणि इंग्रजी ‘बॅड’ यांचा ध्वनी सारखा, अर्थही सारखा. तरी दोघांत काडीचे नाते नाही. नाते सिद्ध होते ते नियमित बदलामुळे.

९/ हाच नियम मराठीलाही लागू आहे. आरंभीचा ‘य’ आपल्याकडे ‘ज’ होतो : यात्रा–जत्रा, योगी–जोगी. दोन स्वरांमधला ‘ग’ गळतो : ‘नगर’चे झालेले ‘नेर’ संगमनेरात आजही दिसते. या दोन पायऱ्या उतरल्या की ‘युग’चे ‘जू’ होते. ‘युग’ आपण संस्कृतातून जसेच्या तसे पुन्हा घेतले. ‘जू’ मात्र पिढ्यान्‌पिढ्या शेतकऱ्याच्या तोंडून चालत आले. ‘योक’ने ‘ग’चा ‘क’ केला, ‘जू’ने तो गमावला.

१०/ या एका लाकडाने किती अर्थ वाहिले! इ. स. पूर्व ३२१ मध्ये कॉडियमच्या खिंडीत सॅम्नाइटांनी शरण आलेल्या रोमन सैन्याला भाल्यांच्या जुवाखालून वाकून जायला लावले. ‘जुवाखाली आणणे’ हाच ‘सब्जुगेट’चा मूळ अर्थ. ‘कॉन्ज्युगल’ म्हणजे एका जुवाला जोडलेल्यांचे, अर्थात वैवाहिक. रोमचे जमिनीचे माप ‘युगेरम’; १०८६ च्या ‘डूम्सडे’ नोंदींत केंट परगण्यातही जमीन जुवांनी मोजलेली. बौधायन शुल्बसूत्रात ‘युग’ हे ८६ अंगुलांचे माप आहे. आपल्याकडे त्याच ‘युग’ने जोडीचा आणि कालखंडाचाही अर्थ घेतला, ‘युगुल’ आणि ‘युग्म’ त्याच धातूचे.

११/ यावरून काय सिद्ध होते? त्या मूळ भाषेचे लोक दोन जनावरे एका लाकडाखाली जुंपत होते, एवढे निश्चित. ते कोठे राहत होते, कोण कोठून कोठे गेले, हे एकटा शब्द सांगू शकत नाही. ज्यांना या शब्दातून संपूर्ण नकाशा काढायचा आहे, ते त्याच्याकडून न दिलेली साक्ष वदवून घेत आहेत.

१२/ संस्कृत ही इंग्रजीची आई नाही. नात्याने ती तिची वडीलधारी बहीण शोभेल. यात कमीपणा कसला? अभिमानासाठी खोट्या वंशावळीची गरज पडावी इतका आपला वारसा दुबळा नाही.

१३/ चिंता करायचीच तर ती वेगळ्या गोष्टीची करावी. ‘योक’ आपलाच, हे सांगणाऱ्या किती तरुणांना ‘जू’ म्हणजे काय, ‘शिवळ’ कोठे बसते, ‘जोते’ कशाला बांधतात हे सांगता येईल? ट्रॅक्टर आला, बैल गेले. वस्तूंपाठोपाठ शब्दही चालले आहेत. मित्रहो, दुसऱ्याच्या कोशावर हक्क सांगण्याआधी आपल्या गावातल्या ज्येष्ठ शेतकऱ्याकडून औताच्या प्रत्येक भागाचे नाव लिहून घ्या. भाषेच्या इतिहासाची ती सेवा शंभर अग्रेषित संदेशांहून मोठी ठरेल.