सातवा रकाना

ढाणकी भागातल्या एका पाळकांनी आपल्या मुख्य कार्यालयाच्या तिमाही तक्त्याची नक्कल आमच्याकडे पाठवली आहे. सातवा रकाना ‘पश्चात्ताप केलेल्यांची संख्या’. त्यांनी 4 लिहिले, तर तक्ता लाल शाईच्या शेऱ्यासह परत: ‘मागील तिमाहीपेक्षा कमी का? खुलासा करावा.’

खुलासा कसला करणार? सभेत वर झालेले हात मोजायचे, तर तोच गडी दर अधिवेशनाला हात वर करतो आणि दर वेळी नव्याने मोजला जातो. पुढच्या आठवड्यात गुत्त्यावर दिसला, तर वजा करायला तक्त्यात जागा नाही. दहा वर्षांची बेरीज मारली, तर तालुक्याची मतदारयादी अपुरी पडावी!

मेटानोइया आणि एपिस्ट्रेफो यांचा पाठ आमच्या वाचकांना द्यायला नको. 1983 मध्ये पुण्याला हलेपर्यंत युनियन बिब्लिकल सेमिनरी तीस वर्षे आपल्या यवतमाळातच होती. तरी व्यासपीठावर चढलो की आपण लोकांना रडवतो आणि डोळे पुसणारे मोजतो. हळहळ यहूदालाही वाटली. मत्तय 27:3 मध्ये तिथे मेटामेलोमाइ आहे. अग्रिप्पासमोर पौल (प्रेषित 26:20) पश्चात्ताप, देवाकडे वळणे आणि त्याला शोभणारी कृत्ये ही तिन्ही एकाच दमात सांगतो. तिसऱ्याला तक्त्यात रकानाच नाही.

योहानाने जकातदारांना रडायला सांगितले नाही. ठरल्यापेक्षा जास्त घेऊ नका म्हणाला. जक्कयाने चौपट परत करायचे कबूल केले. त्याला कोणत्या तिमाहीत धरायचे? आपल्याकडे कापसाच्या खेडा खरेदीत काटा मारणारा, वर कडता कापणारा बांधव पुढच्या रांगेत बसून साक्ष देतो, दशांशही चुकवत नाही. पाळक त्याच्यापुढे ब्रही काढत नाहीत, कारण मंडपाचा खर्च तोच उचलतो. तेव्हा सगळे खापर कार्यालयावर फोडून चालणार नाही. 4 च्या जागी 40 लिहून शाबासकी घेणारे आपल्यातलेच आहेत, आणि त्यांच्यामुळेच खऱ्या माणसाला खुलासे लिहावे लागतात.

बंधूंनो, वेचणी तोंडावर आली आहे. या तिमाहीत सातवा रकाना कोरा सोडा. तक्त्याच्या पाठीमागे, नाव न घालता, कोणी कोणाचे किती परत केले तेवढे लिहा. काहीच घडले नसेल तर तसे लिहा. खुलासा मागितला गेला तर तो कागद आमच्याकडे धाडा, आम्ही छापू. आणि काटा उभा राहण्याआधी त्या बांधवाच्या घरी जाऊन या. मंडप बंद झाला तर सभा निंबाखाली घेऊ.