डोळ्यांवर पट्टी मारली की झालं?

अठरा-एक वर्षांपूर्वीची गोष्ट. तेव्हा मी एका दैनिकाच्या तालुका कार्यालयात होतो. रात्री एक फोटो आला. एसटी स्टँडमागच्या पडक्या शेडमध्ये दोन पुरुष ‘सापडले’ होते आणि चार ‘जागरूक नागरिकांनी’ त्यांना धरून उभं केलं होतं. डोळ्यांवर काळी पट्टी मारून आम्ही तो छापला. मथळ्यात ‘अश्लील चाळे’ हे शब्द मीच टाकले. पट्टी होती, पण शर्ट तोच, उभं राहायची ढब तीच. सकाळी दहाच्या आत गावाने ओळखलं. त्यातल्या एकाचं टेलरिंगचं दुकान होतं. ते पुन्हा उघडलंच नाही.

परवा सुनील गुप्ता यांची ‘एक्झाइल्स’ ही फोटोमालिका बघताना हे सगळं वर आलं. गुप्ता जन्माने दिल्लीचे, लहान वयात कॅनडाला गेले, पुढे लंडनला. १९८६-८७ च्या सुमारास त्यांनी दिल्लीत येऊन समलिंगी पुरुषांचे फोटो काढले. तेव्हा ३७७ कलम लागू होतं. इंडिया गेट, हुमायूनची कबर, बागा. जिथे भेटायचं तिथलेच फोटो. काहींत चेहरा वळलेला, काहींत पाठमोरा. सोबत त्यांच्या बोलण्यातली वाक्यं. यातलं काही चोरून टिपलेलं नाही. माणसांशी बोलून, ठरवून काढलेले फोटो आहेत.

चेहरा तिथेही लपलेला आहे, आमच्याही फोटोत होता. पण तिथे तो ज्याचा त्याने वळवला. आम्ही पट्टी मारली ती स्वतःची कातडी वाचवायला.

कोणी म्हणेल, सार्वजनिक जागा होती ना? होती. पण ज्याला घरात हक्काची खोली आहे तो स्टँडमागे कशाला जाईल? यांच्या वाट्याला जवळीक येते तीच पाव तासाची, एक कान रस्त्याकडे ठेवून.

आणि खोली असली तरी काय? प्रा. रामचंद्र सिरस आठवा. आपला मराठीचा माणूस, कवी, अलीगढ मुस्लिम विद्यापीठात मराठीचे प्राध्यापक. फेब्रुवारी २०१० मध्ये लोक कॅमेरा घेऊन थेट त्यांच्या घरात घुसले. विद्यापीठाने निलंबित केलं. १ एप्रिलला अलाहाबाद उच्च न्यायालयाने निलंबनाला स्थगिती दिली. आठवड्याभरात ते राहत्या खोलीत मृतावस्थेत सापडले. म्हणजे प्रश्न जागेचा नव्हताच.

६ सप्टेंबर २०१८ ला सर्वोच्च न्यायालयाने प्रौढांचे संमतीचे संबंध गुन्ह्यातून काढले. पण कॅमेरा आता प्रत्येकाच्या खिशात आहे. तेव्हा फोटो माझ्या टेबलावर तरी थांबायचा. मी ‘नको’ म्हणू शकत होतो. म्हटलं नाही. आज तो थेट गावाच्या ग्रुपवर पडतो, खाली हसऱ्या इमोजी.

माझ्या पत्रकार मित्रांना एवढंच सांगणं: असा फोटो आला तर पट्टी कुठे मारायची हे ठरवत बसू नका. बातमीच नाही ती. आणि बाकीच्यांनो, ग्रुपवर आला तर पुढे ढकलण्याआधी त्या टेलरचं दुकान आठवा.

त्याची माफी मागायची राहिली. तो कुठे गेला, मला माहीत नाही. शोधलंही नाही, हे खरं.