धारेवर धरलं!

कबूल करून टाकते. माझ्या किचनमधली सुरी टोमॅटो कापत नाही, चेचते. आणि हे मी दोन वर्षं चालवून घेतलंय. तुमच्याकडेही फार वेगळं चित्र नसणार. हौसेनं ऑनलाइन मागवलेला सुऱ्यांचा सेट, पहिले दोन महिने एकदम खूश, मग एक दिवस कांद्यावरून घसरलेली सुरी आणि बोटाला पट्टी. वर आपण म्हणतो, "बाप रे, काय धार होती!" साफ चूक. धार नव्हती म्हणूनच बोट कापलं. बोथट पात्यावर जोर द्यावा लागतो, आणि जोर दिला की ते घसरतं.

हा फंडा मला या दिवाळीत कळला. जरा महागात पडला, पण कळला.

माझं आजोळ महाळुंगे पडवळ. पुण्याहून नाशिक हायवेनं मंचर गाठायचं आणि तिथून थोडं पुढे. परदेशी कापडाचा ट्रक अडवताना १२ डिसेंबर १९३० ला मुंबईत हुतात्मा झालेले बाबू गेनू याच गावचे. यंदा मिशिगनहून माझा मावसभाऊ, म्हणजे दादा, आला होता. आयटीतला माणूस, पण तिकडे त्याला वेगळाच नाद लागलाय. धनुष्यबाणानं हरणाची शिकार! रीतसर लायसन्स काढून, ठरलेल्या सीझनमध्ये. (आपल्याकडे विचारही करू नका. १९७२ चा वन्यजीव कायदा आहे, आणि धनुष्य वापरलं म्हणून कुणी सोडत नाही.)

संध्याकाळी ओट्यावर बसून दादा मोबाइलवर फोटो दाखवत होता. बाणाच्या टोकाला बसवायचं रुंद पोलादी पातं. त्याला म्हणतात ब्रॉडहेड. मला वाटलं, मामा आता त्याला झापणार. पण मामांनी चष्मा वर सरकवला आणि विचारलं, "धार कशानं लावतोस रे?"

दादा एकदम खुलला. गोळी धक्क्यानं मारते, बाण कापून मारतो, तो सांगायला लागला. पातं वस्तऱ्यासारखं असेल तर जनावर थोड्या वेळात खाली येतं. बोथट असेल तर शीर कापली जात नाही, बाजूला ढकलली जाते. मग ते जखम घेऊन पळत राहतं. पहिल्या वर्षी त्यानं ज्या पात्यांनी प्रॅक्टिस केली, तीच घेऊन जंगलात गेला. हरणाला बाण लागला, पण ते पळालं. टॉर्च घेऊन हा मध्यरात्रीपर्यंत शोधत होता. सापडलंच नाही. "त्यानंतर धार लावल्याशिवाय एकही पातं बाहेर काढलं नाही," एवढं बोलून तो गप्प झाला. शिकार मला पटत नाही, तेव्हाही पटली नाही. पण त्याचं ते गप्प होणं लक्षात राहिलं.

दुसऱ्या दिवशी मी स्मार्टपणा केला. मामांचा कोयता, म्हणजे खरं तर आजोबांचा, बोथट झाला होता. म्हटलं सरप्राइज देऊ. मामेभावाचा ग्राइंडर उचलला आणि चालू. काय ठिणग्या उडाल्या! दोन मिनिटांत कड चकाचक झाली. फक्त तिच्यावर एक सुंदर निळा पट्टा उमटला होता. मामांनी तो बघितला. ओरडले नाहीत. नुसतं म्हणाले, "पाणी उतरवलंस की गं त्याचं."

म्हणजे काय? पोलाद तापवून पाण्यात बुडवतात तेव्हा ते कडक होतं. यालाच पाणी देणं म्हणतात. ग्राइंडरनं कड पुन्हा तापली की तो कडकपणा जातो. निळा रंग ही त्याचीच खूण. अशा कडेला धार येते, पण टिकत नाही. शेवटी कोयता लोहाराकडे न्यावा लागला. त्यानं तो लालभडक तापवून ठोकला, कड पुन्हा पातळ काढली आणि नव्यानं पाणी दिलं. गावाकडे याला शेवटणं म्हणतात.

परतताना मामांनी उसाच्या फडाकडे बोट दाखवलं. दिवाळीनंतर तोडणीवाले येतात, कोप्या टाकून राहतात. नवरा-बायकोच्या जोडीला 'एक कोयता' म्हणतात, आणि मजुरी टनावर. "धार गेली की एका घावाचं काम दोन घावांत जातं. दिवसभर दोन घाव! खांदा ऱ्हाईल का?" म्हणून काम सुरू व्हायच्या आधी कोपीपुढे कानस चालते. आपल्याला सुरीची धार म्हणजे टोमॅटो. त्यांना ती त्या दिवसाचा पगार.

मग ओट्यावर माझा क्लास झाला. मास्तर दोन. सुरीसाठी सहाण ओली करायची. कोन २० अंशांच्या आसपास. दादाची ट्रिक म्हणजे कागदाचा काटकोनी कोपरा दोनदा दुमडायचा, साडेबावीस अंश तयार. कडेला मार्करची रेघ मारायची आणि घासायचं. रेघ सगळीकडे सारखी पुसली गेली तर कोन बरोबर. एका बाजूनं घासत राहिलं की दुसऱ्या बाजूला बारीक खरखर लागते. ती टोकापर्यंत आली की बाजू बदलायची. शेवटी अगदी हलके दोन-चार हात. घाई केलीत तर पुन्हा पहिल्यापासून. मामांना अंश माहीत नाहीत, पण त्यांच्या मनगटाला माहीत आहेत. आणि धार बघायला अंगठा फिरवायचा नाही! दादा ताणलेल्या रबरबँडवर बघतो, मामा उसाच्या वाढ्यावर. आपल्याला कागद बास.

पुण्यात आल्यावर पहिली खरेदी केली ती सहाणेची. नवीन सेटपेक्षा स्वस्त. रविवारी पाऊण तास घासली. टोमॅटोची चकती इतकी पातळ पडली की मी फोटो काढून मामांना पाठवला. उत्तर लगेच आलं.

"बरं जमलंय. पुढच्या खेपेला कोयता तूच पाजवायचा. ग्राइंडर मी लपवून ठेवलाय."