समजून घ्या : सव्वा मीटरचा जिताडा क्वीन्सलँडमध्ये परत का सोडावा लागतो?

गळाला सव्वा मीटरचा जिताडा लागला, तर रायगडच्या खारेपाटात त्याचा फोटो गावभर फिरेल. ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँडच्या खाडीत मात्र तो लगेच पाण्यात सोडावा लागतो. ठेवला तर दंड. मासा तोच. आपला जिताडा, गोव्याचा चोणक, तिथला बॅरामुंडी.

ओळखायला सोपा आहे. डोळ्यांच्या वर कपाळ खोलगट, जबडा डोळ्याच्याही मागे गेलेला, शेपटी दुभंगलेली नाही तर गोलसर. रात्री बॅटरीच्या उजेडात डोळे लालसर चमकतात. कल्ल्याची कड धारदार असते, तिथे बोटे घालू नका.

क्वीन्सलँडमध्ये हौशी मासेमाराला 58 ते 120 सेंटिमीटर लांबीचाच मासा ठेवता येतो. एकाजवळ जास्तीत जास्त पाच, आणि विकायचा नाही. पूर्व किनाऱ्यावर 1 नोव्हेंबरच्या दुपारपासून 1 फेब्रुवारीच्या दुपारपर्यंत पकडायलाच बंदी. (मासे सोडलेल्या काही धरणांचे नियम वेगळे आहेत.) तिथे नातेवाइकांकडे जाऊन गळ टाकणार असाल, तर मोजपट्टी सोबत ठेवा.

लहान मासा सोडायचा, हे कुणालाही पटते. मोठा का? कारण जिताडा बहुधा नर म्हणून वाढतो आणि काही वर्षांनी मादी होतो. म्हणजे सर्वांत मोठे मासे जवळपास सगळे माद्या. अशी एक मादी एका हंगामात कोट्यवधी अंडी देऊ शकते. इंजिनीअरिंगमध्ये मापाला खालची मर्यादा असते तशी वरचीही असते. इथे वरची मर्यादाच जास्त कामाची आहे.

आपल्याकडे माशांच्या आकाराची चर्चा होते ती किमान मापाची. 1 जून ते 31 जुलैची बंदी यांत्रिक होड्यांना आहे, बिगरयांत्रिक होड्यांना नाही. जिताडा तर पावसाळ्यात अंडी घालायला खाडीच्या मुखाशी येतो. त्यात बाजारात मोठ्या जिताड्याला मान जास्त आणि भावही. खाडीतल्या छोट्या मच्छीमाराने एवढा मासा नुसता सोडून द्यावा, ही अपेक्षा रास्त नाही. त्याचे नुकसान भरून देण्याची सोय आधी हवी. पण कमाल मापाची चर्चा तरी जिताड्यापासून सुरू करायला काय हरकत आहे?