थरावर थर

आखाजी जवळ आली की सटाण्याच्या जुन्या गल्ल्यांमध्ये दोन कामांची घाई उडते. एक घरात, एक घरावर. घरात सांजोऱ्यांची तयारी, माहेरी येणाऱ्या लेकींसाठी अंथरुणं-पांघरुणं उन्हात घालणं, आणि घरावर धाब्याची डागडुजी. ज्यांची धाब्याची घरं अजून उभी आहेत ते मृगाच्या आधी खारी माती आणतात, जुन्या थरावर नवा थर पसरतात, पाणी मारून चोपतात. झालं! वर्षभराची निश्चिंती. उन्हाळ्यात गारवा, थंडीत ऊब आणि पावसात गळती नाही.

परवा अशाच एका घरी जाणं झालं. दारात मातीची ट्रॉली ओतलेली. घरातली मंडळी मजूर कधी येणार याच्या चर्चेत. चहा घेऊन आलेली सून मात्र हळूच म्हणाली, "ताई, यांना जरा सांगा ना. रोज सकाळी झाडताना देवघराच्या कोपऱ्यात मला पिवळा भुगा सापडतो. वरच्या कडीतून पडतो. बोलले तर म्हणतात, जुनं लाकूड आहे, पडणारच. तू तुझं काम कर."

आता गंमत बघा. भुगा उचलणं हे तिचंच तर काम होतं! आणि म्हणूनच ती बातमी त्या घरात सर्वांत आधी तिला कळली होती. छताचं दुखणं कागदावर येत नाही, ते केरसुणीत येतं. पण केरसुणी धरणारीला कोणी विचारत नाही.

सुनेने हट्टच धरला. शेवटी एका जुन्या जाणत्या गवंड्याला बोलावलं. त्याने वर जाऊन त्या कोपऱ्यात हातभर जागा उकरली. माती निघतच राहिली. पाच-सात इंच असेल असं सगळे धरून चालले होते, ती भरली सव्वा फूट. पिढ्यान्‌पिढ्या प्रत्येकाने आपला थर टाकला होता, जुना कोणी काढलाच नव्हता. मध्ये एक प्लॅस्टिकचा कागद निघाला. कधीतरी गळती लागली म्हणून सासऱ्यांनी अंथरलेला. त्या कागदाखालची माती भर उन्हाळ्यात ओलसर होती, आणि भिंतीत गेलेलं कडीचं टोक बोटाने दाबलं तर बिस्किटासारखं चुरलं.

वरून घर ठणठणीत दिसत होतं. त्यावर आणखी एक थर पडणार होता.

इथे जरा हिशेब करू या. आपल्याला डब्यांचा, किराण्याचा हिशेब जमतो, तसाच हाही जमतो. दहा बाय दहाची खोली घ्या. तिच्या छतावर फक्त एक इंच माती पसरली तरी तिचं वजन साडेतीनशे ते चारशे किलो भरतं. म्हणजे पावणेचार क्विंटलच्या आसपास. पंधरा इंच माती म्हणजे छप्पन्न क्विंटल. बागलाणच्या बायकांना वेगळं सांगायला नको: कांद्याच्या भरलेल्या दोन ट्रॉल्या आपण डोक्यावर घेऊन झोपतो. हे झालं कोरड्या मातीचं. झड लागली, दोन-तीन दिवस पाणी मुरत राहिलं, की हेच वजन आणखी वाढतं. म्हणूनच अशी घरं पहिल्या वळवाला बसतात असं नाही; संततधार लागली की बसतात. आणि त्या वेळी माणसं घरातच असतात.

धाबं वाईट असं म्हणायचं नाही. उलट आपल्या उन्हाला त्याच्यासारखं उत्तर नाही. शेजारच्या मालेगावचा पारा बेचाळीसच्या पुढे जातो तेव्हाही धाब्याच्या घरात दुपारी डोळा लागतो, कारण जाड मातीला तापायलाच दिवस जातो. पण आपल्या आज्या-पणज्या नुसती माती टाकत नव्हत्या. आधी धाब्यावर उगवलेलं गवत मुळासकट काढायच्या, उंदरांची बिळं बुजवायच्या, पन्हळ मोकळी करायच्या, पाण्याचा उतार बघायच्या. खालून चुलीचा धूर रोज लाकडाला लागायचा, त्याने कीडही दूर राहायची. आता चूल गेली आणि गॅस आला, ते आपल्या फुप्फुसांसाठी फार चांगलं झालं. पण धूर गेला तशी लाकडावरची रोजची नजरही गेली. राहिला तो फक्त थर टाकण्याचा भाग.

आणि तो प्लॅस्टिकचा कागद! गळतीवर सर्वांत स्वस्त इलाज म्हणून घरोघर तो अंथरला जातो. पण माती, लाकूड श्वास घेणाऱ्या वस्तू आहेत. स्वयंपाकाची वाफ, अंघोळीची वाफ वर जाते, मातीतून हळूहळू बाहेर पडते. मध्ये कागद आला की ती तिथेच अडकते आणि लाकूड आतून कुजतं. फडका ओला असताना डब्यात कोंबून झाकण लावलं तर काय होतं ते आपल्याला माहीत आहे. तसंच हे. जुना थर ओला असेल तर त्याच्यावर नवा थर टाकणं म्हणजे दुखणं झाकणं.

ज्यांच्याकडे धाबं नाही त्यांनी सुटकेचा निःश्वास टाकू नये. सटाण्याच्या वाढत्या वस्त्यांमध्ये आता पत्र्याची घरं आहेत, स्लॅबची आहेत. थरावर थर तिथेही चालूच असतो.

स्लॅब गळायला लागला की विटांच्या तुकड्यांचा कोबा टाकतात. पाच-दहा वर्षांनी पुन्हा गळतो, की जुना न काढता त्याच्यावर दुसरा. कारण जुना फोडायचा तर मजुरी, धूळ, राडारोडा. पण चार इंचांचा कोबा दहा बाय दहाच्या खोलीवर दीड टनाहून जास्त भार टाकतो. स्लॅबच्या पोटाला तडे असतील, गंजलेली सळई दिसत असेल, तर दुसऱ्या कोब्याचा विचारही करू नका. आधी जाणकार अभियंत्याला दाखवा.

पत्र्याच्या घरातल्या बाईची दुपार तर विचारूच नका. पुरुष शेतात, दुकानात, पाराच्या सावलीत. ती पत्र्याखाली. पोळ्या लाटते, शिवणयंत्र चालवते, बाळाला झोपवते. आपल्याकडे कांद्याची चाळ बांधताना शेतकरी किती विचार करतो! खाली जमिनीपासून मोकळी जागा, बाजूंना हवा खेळायला फटी. वर नुसता लोखंडी पत्रा टाकला तर कांदा तापून सडेल हे त्याला पाठ असतं. कांद्यासाठी एवढा विचार होतो, मग जिच्या हातचं जेवण आपण जेवतो तिच्या डोक्यावरच्या पत्र्याचा का होऊ नये?

तर मग तीच काहीतरी जुळवाजुळव करते. पत्र्यावर कडबा, उसाचं पाचट टाकते. आतून साड्या, पोती बांधते. दोन पैसे आले की थर्माकोलची शीटं लावून घेते. यात चूक काही नाही. कडबा काय, थर्माकोल काय, खरं काम करते ती त्यात अडकलेली स्थिर हवा. म्हणूनच रजई दाबून, पिळून बसवली तर ऊब देत नाही. तसाच दाबलेला, भिजलेला कडबाही काही कामाचा नाही. मागच्या वर्षीच्या बसलेल्या कडब्यावर नवा टाकण्यापेक्षा जुना काढा, पत्रा बघा, मग नवा सैलसर टाका, आणि पावसाआधी सगळा उतरवा. नाहीतर खाली पत्रा गंजतो आणि वर विंचवा-सापांची सोय होते. शेजारी चूल, चिमणी किंवा फटाके असतील तर कडबा नकोच.

थर्माकोलची गोष्ट वेगळी. तो शंभर अंशांच्या आसपासच मऊ पडतो, पेट घेतला तर भराभर जळतो आणि त्याचा काळा धूर घातक असतो. बल्बच्या होल्डरला, मीटरच्या पेटीला, चुलीच्या किंवा गॅसच्या वरच्या बाजूला तो चिकटवू नये. आणखी एक गोष्ट फार जणांना माहीत नसते. विजेच्या वायरचं प्लॅस्टिक वर्षानुवर्षं थर्माकोलला टेकून राहिलं तर ते कडक होऊन तडकू लागतं. म्हणजे छत झाकलं जातं आणि त्याच्या मागे उघडी वायर तयार होते. जुन्या थरावर नवा थर लावायच्या आधी मेन स्विच बंद करून वायरमनकडून सगळी वायर तपासून घ्या, ती पाइपात घाला. हल्ली चंदेरी शीटं मिळतात, ती उष्णता परतवतात हे खरं, पण त्यांच्या चमकत्या बाजूसमोर बोट-दोन बोटं हवेची जागा हवी. आणि ती धातूची असतात, खिळा किंवा पिन वायरमध्ये गेली तर अख्खं छत शॉक देऊ शकतं.

हे उगाच घाबरवणं नाही. ऑस्ट्रेलियासारख्या श्रीमंत देशात २००९ मध्ये सरकारने घरांच्या माळ्यावर उष्णतारोधक थर बसवण्याची मोठी योजना काढली. काम झपाट्याने झालं, शिकवलेली माणसं कमी पडली. हे काम करताना चार तरुण गेले. तिघं विजेच्या धक्क्याने, एक माळ्यावरच्या उष्णतेने. घरांना आगीही लागल्या. २०१० च्या फेब्रुवारीत योजना गुंडाळावी लागली आणि पुढे चौकशी आयोग बसला. थर चांगलाच होता. तो लावण्याआधी खाली काय आहे हे बघायला कोणाला वेळ नव्हता, एवढंच.

आणि ते जुने सिमेंटचे पन्हाळी पत्रे? त्यात बहुधा अ‍ॅस्बेस्टॉस असतं. शाबूत पत्रा गुमान पडून असतो, पण तो घासला, कापला, भोकं पाडली की डोळ्यांना न दिसणारे तंतू उडतात आणि फुप्फुसात बसतात. त्यांच्यामुळे कर्करोग होतो हे जागतिक आरोग्य संघटनेने स्पष्ट सांगितलं आहे. तेव्हा रंग लावण्यापूर्वी तारेच्या ब्रशने तो कोरडा खरवडू नका आणि पडलेले तुकडे कोरडे झाडू नका, पाणी शिंपडून उचला. शिवाय हे पत्रे ठिसूळ असतात. त्यावर पाय ठेवून चढणं म्हणजे खालच्या खोलीत उतरणं!

मग करायचं काय? प्रत्येक वेळी जाडच थर हवा असं कुठे आहे? अहमदाबादेत २०१० च्या मे महिन्यातल्या उष्णतेच्या लाटेत एरवीपेक्षा तेराशेहून अधिक माणसं जास्त दगावली. त्यानंतर २०१३ मध्ये त्या शहराने उष्णतेशी लढण्याचा आराखडा केला, असा आराखडा करणारं ते देशातलं पहिलं शहर. पुढे गरीब वस्त्यांमधली छपरं पांढरी करण्याचं काम सुरू झालं. तिथल्या महिला हाउसिंग ट्रस्टने तर हे काम बायकांच्याच हाती दिलं. पांढरं छप्पर ऊन परतवतं, आतला ताप काही अंशांनी उतरतो, आणि मुख्य म्हणजे छपरावर वजन काहीच पडत नाही. आपल्याकडे चुना आहे, ब्रश आहे. स्लॅबवर चुन्याचे दोन हात मारायला काही फार मोठा खर्च येत नाही. फक्त भर दुपारी चढू नका, आणि पत्र्यावर असाल तर खालच्या पाइपाच्या रेषेवरच पाय ठेवा.

त्या सटाण्याच्या घराचं पुढे काय झालं, ते सांगते. ओतलेली माती महिनाभर दारातच पडून राहिली. जुनी माती टोपल्या-टोपल्यांनी उतरवली, प्लॅस्टिक काढलं, कुजलेल्या दोन कड्या बदलल्या, उरलेल्यांना वाळवीचं औषध लावलं. मगच नवी माती पडली, तीही पातळ. आखाजीला आलेल्या नणंदांना पाहुणचार शेजारच्यांच्या ओट्यावर घ्यावा लागला. सुनेला थोडं बोलणंही खावं लागलं, हिच्या एका भुग्यापायी एवढा खर्च! पण त्या घरातली सगळी माणसं यंदाच्या झडीत आपापल्या अंथरुणावर झोपतील, ही किंमत कमी आहे का?

मैत्रिणींनो, घर सातबाऱ्यावर किंवा घरपट्टीवर कोणाच्याही नावाने असो, त्याच्याखाली दिवसाचे सर्वांत जास्त तास आपण असतो. कडी वाजते ती आपल्याला ऐकू येते. भिंतीला ओल धरते ती कपाटातल्या साड्यांच्या वासावरून आपल्याला कळते. दार अचानक चौकटीला घासायला लागतं, भुगा पडतो, छताला पोट सुटल्यासारखं दिसतं, पंख्याजवळ काळा डाग येतो. या सगळ्या खुणा आहेत. "आमच्या बाईमाणसाला काय कळतं" असं कोणी म्हणालं तर भुगा कागदावर घेऊन त्यांच्या पुढ्यात ठेवा. ऐकलं नाही तर नगरपरिषदेकडे, ग्रामपंचायतीकडे अर्ज करा. धोक्याच्या घराची तक्रार करायला नावावर घर असावं लागत नाही.

मृगाला अजून थोडे दिवस आहेत. एक दुपार काढा. बॅटरी घ्या, कोणाला तरी शिडी धरायला सांगा, आणि कड्यांची टोकं जिथे भिंतीत जातात तिथे उजेड टाकून बघा. मातीची ट्रॉली बोलवायची की नाही, ते त्यानंतर ठरवा.